मोटार आसाच्या मागे की पुढे? जुन्या आणि नव्या आरसी बगींच्या चासीतला फरक

एक १९८४ सालच्या आराखड्याची आणि एक गेल्या आठ-दहा वर्षांतली, अशा दोन आरसी बगी टेबलावर शेजारी शेजारी पालथ्या घातल्या, तर गाड्यांतले फारसे न कळणाऱ्या माणसालाही एक गोष्ट पहिल्या नजरेत दिसते. जुन्या गाडीची मोटार मागच्या आसाच्याही मागे, शेपटीसारखी बाहेर आलेली असते. नव्या गाडीत तीच मोटार आसाच्या पुढे, गाडीच्या पोटात शिरलेली असते. दोन्ही जागांमधले अंतर मोजले तर ते जेमतेम चार बोटे भरते. पण ही चार बोटे सरकायला जवळपास तीस वर्षे लागली, आणि ती का लागली हे कळले की चासीतले बाकीचे बहुतेक बदल कशासाठी झाले याचा उलगडा होत जातो.

आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल, आणि बगी म्हणजे खडबडीत जमिनीवर धावणारी हलकी गाडी. जत्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या, बटण दाबले की सुसाट सुटणाऱ्या रिमोटच्या गाडीपेक्षा ही जात वेगळी आहे. इथे विषय आहे तो मूळ गाडीच्या एक-दशांश मापाच्या, विजेवर चालणाऱ्या, फक्त मागची दोन चाके ओढणाऱ्या बगीचा. ती बहुधा सुट्या भागांच्या संचातून स्वतः जुळवायची असते, तिचे वजन सुमारे दीड किलो भरते आणि पुढच्या व मागच्या आसांतले अंतर पाव मीटरहून थोडे अधिक असते. गॅरेजमध्ये ज्याला चासी म्हणतात तो या गाडीचा सांगाडा. बॅटरी, मोटार, रेडिओचा रिसीव्हर आणि पुढची चाके वळवणारी छोटी मोटार, म्हणजे सर्व्हो, हे सगळे तो पोटात घेतो. चाकांचे हात ज्या खुंट्यांवर झुलतात त्या खुंट्यांना तो आधार देतो, आणि गाडी उडी मारून आपटली तरी हे सारे आपापल्या जागी राहील याची हमी देतो. पण त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम डोळ्यांना दिसत नाही, आणि ते म्हणजे कोणते वजन कुठे बसेल हे ठरवणे.

सुरुवात १९७९ पासून करावी लागते. त्या वर्षी जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या दोन बगी बाजारात आणल्या. कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या वाळवंटात फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर बांधलेल्या खऱ्या बगी धावत असत, त्यांच्या या लहान प्रतिकृती होत्या. बीटलचे इंजिन मागच्या आसाच्या मागे असते, म्हणून यांची मोटारही तिथेच बसवली गेली. बीटलच्या चाकांचे हात मागच्या दिशेला ओढलेले असतात, म्हणून यांचेही तसेच केले गेले. चासी म्हणजे फायबरग्लासची एक सपाट पाटी, तिच्यावर ओतीव धातूचे हात, आणि रेडिओचे सामान पाण्यापासून वाचवण्यासाठी एक झाकणबंद डबा. म्हणजे मोटार मागे ठेवण्याचा निर्णय कोणी तराजू आणि फूटपट्टी घेऊन केलेला नव्हता. तो मूळ मोटारगाडीकडून वारशाने आला होता. पुढे हा वारसा फायद्याचा ठरला, हा भाग निराळा.

१९८४ साली या वाटेला दोन फाटे फुटले, आणि दोन्हींकडे जवळून पाहण्यासारखे बरेच आहे.

पहिला फाटा तामियाच्याच ‘ग्रासहॉपर’चा. कमी किमतीत, शाळकरी मुलालाही जुळवता येईल अशी गाडी करायची हे उद्दिष्ट स्पष्ट होते. तिची चासी म्हणजे एबीएस प्लास्टिकचे एकसंध खोलगट पात्र, ज्याला या छंदातले लोक ‘टब’ म्हणतात. भिंती उंच, तळ बंद, त्यामुळे चिखल आत शिरत नाही आणि मोजक्याच स्क्रूंवर काम भागते. त्याच वर्षी आलेल्या ‘हॉर्नेट’ने हाच टब घेतला, मागे धक्के पचवणारे, तेल भरलेले शॉक दिले आणि लहान ३८० मोटारीऐवजी मोठी ५४० मोटार बसवली. मात्र मागची रचना दोन्हींत एकच राहिली: गिअरबॉक्स, आस आणि मोटार हे सारे एकाच अखंड ठोकळ्यात, आणि तो ठोकळा चासीला बिजागरीने जोडलेला.

ही गाडी हातात घेऊन मागचे एकच चाक बोटाने वर उचलून पाहावे. दुसरे चाक त्याबरोबर तिरके होते, आणि बोटावर मोटारीचे सगळे ओझे जाणवते. ५४० जातीची मोटार साधारण १६० ग्रॅमची असते. चाकाखाली गोटी आली की स्प्रिंगच्या खालचे सगळे वजन वर उचलले जाते, आणि गोटी सरली की स्प्रिंगने ते पुन्हा जमिनीवर दाबायचे असते. जितके हे वजन जास्त, तितके चाक उशिरा खाली येते, आणि तेवढा वेळ ते हवेत राहते. हवेतले चाक ना ओढते, ना थांबवते. खडबडीत जमिनीवर हॉर्नेटचे मागचे अंग सशासारखे टुणटुणत जाते त्याचे कारण हेच. शॉकमध्ये कितीही महागडे तेल घातले तरी ठोकळ्याचे वजन तेवढेच राहते. तरीही मला या रचनेला नावे ठेवाविशी वाटत नाहीत. ठरवलेल्या किमतीत तिने लाखमोलाचे काम केले, आणि तिचे टुणटुणणे पाहूनच कित्येकांना सस्पेन्शन म्हणजे काय हा प्रश्न पहिल्यांदा पडला असेल.

दुसरा फाटा अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे निघाला. टीम असोसिएटेड ही कंपनी तोवर सपाट ट्रॅकवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांसाठी ओळखली जात होती. रॉजर कर्टिस यांनी आखलेली तिची ‘आरसी-१०’ ही बगी १९८४ मध्ये आली, आणि तिच्यात कोणत्याही खऱ्या गाडीची नक्कल करण्याचा हट्ट नव्हता. अॅल्युमिनियमचा पत्रा परातीसारखा कडा वळवून घडवलेला आणि त्यावर सोनेरी अॅनोडायझिंग केलेले, असा तिचा टब होता. सपाट पत्रा हाताने सहज वाकतो, पण त्याच पत्र्याच्या कडा उभ्या केल्या की तो ताठ होतो. आपल्या घरातली परात हाताने दुमडत नाही त्यामागे हेच तत्त्व असते. या टबाला चारही चाकांसाठी स्वतंत्र, नायलॉनचे हात जोडले होते. मोटार मागे होती खरी, पण ती चासीला घट्ट बसवलेली, म्हणजे स्प्रिंगच्या वरच्या बाजूला होती. चाक वर जाताना आता फक्त हात, चाक आणि एक सडपातळ शाफ्ट हलत असे. १९८५ साली कॅलिफोर्नियातील डेल मार येथे एक-दशांश मापाच्या विद्युत बगींची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा दोन चाकांच्या ओढीच्या गटात जे हॅल्सी या चालकाने आरसी-१० वरच विजेतेपद मिळवले.

आरसी-१० च्या नाकाडाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण ती युक्ती आजच्या प्रत्येक बगीत टिकून आहे. चासीचा पुढचा भाग वर उचललेला असतो, आणि त्यामुळे पुढच्या हातांच्या खुंट्याही पुढून वर चढत्या कोनात बसतात. याला ‘किक-अप’ म्हणतात. खड्ड्याच्या कडेला चाक आदळले की ते नुसते वर न जाता वर आणि थोडे मागे सरकते, म्हणजे धक्क्याच्या दिशेलाच माघार घेते. माणूस ठेच लागल्यावर पाय मागे घेतो तसेच. सपाट पुढच्या अंगाची गाडी त्याच खड्ड्यात नाक खुपसून कोलांटी घेते.

आता मूळ प्रश्नाकडे. शर्यतीसाठी विचारपूर्वक आखलेल्या या गाडीतही मोटार आसाच्या मागेच का राहिली? उत्तर जमिनीत आहे. त्या काळचे ट्रॅक म्हणजे सुटी माती, धूळ आणि खडी. अशा जमिनीवर मागच्या चाकांना पकड हवी असेल तर त्यांच्यावर वजन हवे, कारण घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते. बैलगाडीत ओझे फार मागे गेले की गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणतात. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेला गळपट्ट्याचा काच बसतो. मागे मोटार असलेली बगी ही मुद्दाम थोडी उलाळ केलेली गाडी आहे. तिचे साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर असते, ती वेग घेते तेव्हा आणखी वजन मागे सरकते, आणि सुट्या मातीतही चाके नुसती न फिरता गाडीला पुढे ढकलतात. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पुढची चाके हलकी झाल्यामुळे वळणाच्या तोंडाशी गाडी सरळ जाऊ पाहते. आणि एकदा का मागचे अंग बाहेर सुटले की शेपटीला बांधलेले वजन त्याला आणखी बाहेर ओढत नेते. लुनाच्या कॅरियरला गॅसचा सिलिंडर बांधून वळणे घेतलेल्या माणसाला हे दोन्ही अनुभव समजावून सांगावे लागत नाहीत.

हे आकड्यांत मांडले तर फार बोलके होते, म्हणून एक ठोकळ हिशेब करून पाहू. गाडी १५०० ग्रॅमची, आसांतले अंतर २७ सेंटिमीटर, आणि गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या १० सेंटिमीटर पुढे आहे असे धरू. म्हणजे मागच्या चाकांवर साधारण ६३ टक्के वजन आले. १६० ग्रॅमची मोटार आसाच्या ४ सेंटिमीटर मागे आहे. ती उचलून आसाच्या ४ सेंटिमीटर पुढे आणली, म्हणजे एकूण ८ सेंटिमीटर सरकवली, तर मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जाणारे वजन भरते अवघे ४७ ग्रॅम. ६३ टक्क्यांचे ६० टक्के झाले, एवढेच. इतक्याशा फरकासाठी नवी चासी कशाला, असे कोणीही विचारेल.

पण गाडी वळताना स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरत असते, आणि फिरण्याला होणारा विरोध वजनाच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. आधी मोटार गुरुत्वमध्यापासून १४ सेंटिमीटर दूर होती. मोटार पुढे आल्यावर गुरुत्वमध्यही जरासा पुढे सरकतो, ११ सेंटिमीटरच्या जवळ जातो, आणि मोटार त्याच्यापासून ७ सेंटिमीटरवर राहते. अंतर निम्मे झाले, म्हणजे त्या मोटारीकडून वळण्याला होणारा विरोध एक चतुर्थांशावर आला. भरलेली कळशी लांब बांबूच्या टोकाला अडकवून गिरकी घेणे आणि तीच कळशी छातीशी धरून गिरकी घेणे यांत जो फरक पडतो, तो हा. मोटार मध्यात आणण्याचा खरा लाभ हाच आहे, आणि तराजूवरच्या टक्केवारीत तो दिसतच नाही, म्हणून पुष्कळांच्या नजरेतून निसटतो.

हा लाभ आधीही ठाऊक होता. पण सुट्या मातीवर तो कामाचा नव्हता. ज्या गाडीची मागची चाके जागच्या जागी फिरताहेत तिला चपळाई देऊन काय उपयोग? चित्र पालटले ते ट्रॅक बदलले तेव्हा. युरोपात कृत्रिम गवतावर आणि गालिच्यावर बगी धावू लागल्या. अमेरिकेत आणि जपानमध्ये छताखालचे ट्रॅक आले, तिथली चिकणमाती दाबून, ओलसर ठेवून आणि टायरचे रबर घासले जाऊन इतकी चिकट होते की तिच्यावर काळपट चकाकता पट्टा उमटतो. काही ठिकाणी तर मातीवर साखरेचे पाणी मारतात. अशा जमिनीवर पकड फुकट मिळते. आता गाडीच्या वेगाला आवर घालते ती मागची घसरण नव्हे, तर वळायला नकार देणारे पुढचे अंग आणि वळणात पलटी होण्याची भीती. म्हणजे उलाळपणाची गरजच उरली नाही.

दुसरे कारण बॅटरीचे. जुन्या बगीत निकेल-कॅडमियमचे सहा गोल सेल असत, प्रत्येकी १.२ व्होल्ट, मिळून ७.२ व्होल्ट आणि सुमारे साडेतीनशे ग्रॅम. गाडीतली सर्वांत जड वस्तू तीच, आणि तिला सामावून घेण्यासाठीच चासीचा मधला भाग लांबलचक ठेवावा लागे. आता लिथियम-पॉलिमरचे दोन सेल ७.४ व्होल्ट देतात. त्यांचा ‘शॉर्टी’ नावाचा आखूड संच साधारण दोनशे ग्रॅमचा असतो आणि हाताच्या तळव्यात मावतो. तो आडवा ठेवा, उभा ठेवा, मागे सरकवा, पुढे सरकवा. मोटार पुढे आल्यावर तिच्यासाठी जागा कोणी करून दिली, तर या आखूड बॅटरीने. ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेल्या, मोटारींनी ताकदीची चिंता मिटवली. आणि जुनी यांत्रिक स्पीड कंट्रोलची पद्धत, जिच्यात एक वेगळा सर्व्हो तांब्याची पट्टी सरकवून टप्प्याटप्प्याने वेग देई आणि चिनीमातीचा रेझिस्टर चटका बसेल इतका तापे, ती काड्यापेटीएवढ्या इलेक्ट्रॉनिक डबीत विरघळली. एका सर्व्होची जागाही मोकळी झाली. यातली गंमत अशी की पूर्वी शर्यतीतले लोक चासीला भोके पाडून वजन घटवत असत, आणि आता किमान वजनाचा नियम पाळण्यासाठी व ते वजन हव्या त्या ठिकाणी आणण्यासाठी पितळेचे तुकडे पैसे देऊन विकत घेतात.

हा बदल एका रात्रीत झाला नाही, आणि कंपन्यांनाही त्याची खात्री नव्हती. २०११ मध्ये टीम लोसी रेसिंगने आणलेली ‘२२’ ही बगी एकाच संचातून दोन्ही प्रकारे जुळवता येत होती, मोटार मागे किंवा मध्ये. टीम असोसिएटेडने २०१४ साली ‘बी-५’ आणि ‘बी-५ एम’ अशा दोन बहिणी एकत्र बाजारात आणल्या. पहिलीची मोटार मागे, दुसरीची मध्ये. ज्या कंपनीने तीस वर्षांपूर्वी मागच्या मोटारीवर जग जिंकले होते तिनेही दोन्ही दगडांवर पाय ठेवणे पसंत केले, यातच या वादाचे खरे स्वरूप दिसते. तुमची जमीन कोणती, हे विचारल्याशिवाय कोणती चासी चांगली याचे उत्तर देता येत नाही.

मोटार पुढे आली की एक नवा, थोडा गुंतागुंतीचा प्रश्न उभा राहतो, तो गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकांच्या संख्येचा. मोटारीचा रोटर, म्हणजे तिचा आतला फिरणारा भाग, गाडीच्या चाकांच्या सात ते दहा पट वेगाने फिरतो, त्यामुळे तो लहान असूनही त्याची उसळी चासीला जाणवते. मोटारीकडची बाहेरची जोडी न मोजता गिअरबॉक्समध्ये तीन दातेरी चाके असली तर रोटर गाडीच्या चाकांच्या उलट दिशेने फिरतो, चार असली तर त्याच दिशेने. रोटरने झटक्याने वेग घेतला की चासीला त्याच्या उलट दिशेचा हिसका बसतो. चार गिअरच्या रचनेत हा हिसका गाडीचे नाक उचलू पाहतो, म्हणजे मागच्या चाकांवर दाब वाढवतो. सुट्या मातीवर तो वरदान ठरतो. तीन गिअरच्या रचनेत तो नाक खाली दाबतो, आणि गालिच्यासारख्या चिकट जमिनीवर गाडीला सपाट ठेवतो. गमावलेला उलाळपणा गरजेपुरता परत मिळवण्याचा हा मार्ग म्हणता येईल.

हीच गोष्ट हवेत तर डोळ्यांनी दिसते. उडीत असताना थ्रॉटल दाबला की गाडीचे नाक वर येते, ब्रेक दाबला की खाली जाते, कारण फिरणाऱ्या चाकांचा वेग बदलला की त्याची परतफेड चासीला करावी लागते. नवख्या माणसाची गाडी नाकावर आपटते ती बहुधा तो घाबरून हवेतच ब्रेक दाबतो म्हणून.

चासी कशाची करावी, याचा प्रवास मात्र सरळ रेषेत झालेला नाही. तो गोल फिरून आला. आरसी-१० ची सोनेरी परात अॅल्युमिनियमची. १९९० च्या सुमारास शर्यतीच्या गाड्यांत ग्रॅफाइटच्या, म्हणजे कार्बन फायबरच्या सपाट पाट्या आल्या. त्या हलक्या आणि ताठ होत्या, पण आघाताने त्यांच्या कडांचे पापुद्रे सुटत. मग साच्यातून काढलेल्या, तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकच्या टबांचा काळ आला. २००३ ची ‘बी-४’ याच प्रकारची आणि फार दीर्घकाळ चाललेली गाडी. आणि बी-५ पासून पुन्हा अॅल्युमिनियम, पण आता वळवलेला पत्रा नव्हे, तर जाड पाटी यंत्रावर कोरून, नको तिथले धातू काढून, पुढचा भाग किक-अपच्या कोनात वाकवून आणि दोन्ही कडांना प्लास्टिकच्या भिंती स्क्रूने जोडून केलेली. लिथियमच्या बॅटरीने दीडशे ग्रॅम वाचवले, ते असे तळातल्या धातूवर खर्च झाले. वजन जमिनीलगत आले की गाडी वळणात कमी कलते. परातीचा ताठपणा पुन्हा कडांवरच आला, फक्त त्या कडा आता बदलता येतात: लवचीक भिंती लावल्या तर चासी किंचित पिळली जाते आणि निसरड्या जमिनीवर चाके जमिनीला धरून राहतात, कडक भिंती लावल्या तर गाडीचे उत्तर झटपट मिळते.

शॉक आणि हातांबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तिथे तत्त्व तेच राहिले, फक्त कारागिरी सुधारली. नवी गाडी टेबलावर ठेवून वरून तळहाताने दाबली आणि सोडली तर ती एकदाच, जड दरवाजा मिटावा तशी वर येते. जुन्या साध्या स्प्रिंगची गाडी दोन-तीनदा हेलकावते. शॉकचा व्यास वाढला, आतल्या पिस्टनची भोके आणि तेलाचा घट्टपणा बदलून हालचाल जमवता येऊ लागली, आणि हात लांब झाल्याने चाकाचा कल कमी बदलू लागला. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागात, इंग्लंडच्या सेसिल शुमाखर यांनी आणलेली छर्‍यांची रचना, जिच्यात दातांऐवजी दोन गुळगुळीत कड्यांमध्ये दाबलेले पोलादी छर्रे ओढ वाटून देतात, ती दीर्घकाळ शर्यतीवर राज्य करून राहिली. अलीकडे चिकट ट्रॅकवर घट्ट सिलिकॉन तेलात बुडवलेले दात्यांचे डिफरन्शियल पुन्हा परतले आहे.

चारही चाके ओढणाऱ्या बगींत हा मागे-पुढेचा वाद कधी इतका तीव्र झाला नाही, कारण तिथे वजन मागे ढकलण्याची गरजच नव्हती. तिथला प्रश्न ओढ पुढे कशी न्यायची हा होता: साखळीने, पट्ट्याने की शाफ्टने. जपानच्या मासामी हिरोसाका याने १९८७ मध्ये इंग्लंडमधील रॉम्सी येथे शुमाखरच्या पट्ट्यावर चालणाऱ्या ‘कॅट’वर जागतिक विजेतेपद मिळवले, आज शाफ्टचा वापर अधिक दिसतो.

मग आज कोणी बगी घ्यायची म्हटली तर काय घ्यावे? हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही, कारण जुन्या गाड्या पुन्हा छापल्या गेलेल्या पुस्तकांसारख्या नव्याने मिळतात: हॉर्नेट २००४ पासून, सँड स्कॉर्चर २०१० मध्ये, आरसी-१० २०१३ मध्ये. घराजवळ मुरमाचे मैदान किंवा कापणी झालेले शेत एवढेच असेल, तर मध्ये मोटार असलेली, जमिनीपासून दोन-अडीच सेंटिमीटर उंचीची नवी शर्यतीची बगी तिथे पोटावर घासत आणि मागची चाके फिरवत बसेल, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे मागे मोटारीची जुनी गाडी मजेत पळते, आणि पडली-धडपडली तरी तिच्या रुंद बंपरला फारसे काही होत नाही. गालिच्याचा किंवा दाबलेल्या चिकणमातीचा ट्रॅक उपलब्ध असेल, तर मात्र जुन्या गाडीने पहिल्याच वळणावर आपले वय सांगितलेच म्हणून समजावे.

जुन्या आराखड्याची गाडी घेणाऱ्याने एक गोष्ट मात्र आधी तपासावी. त्या टबातला बॅटरीचा कप्पा सहा गोल सेलच्या मापाने ओतलेला असतो, म्हणजे त्याचे कोपरे सेलच्या गोलाईसारखे वळलेले असतात. आजची कठीण आवरणाची लिथियम बॅटरी लांबी-रुंदीने त्यात बसेलसे वाटते, पण तिच्या काटकोनी कडा त्या गोलाईवर अडतात आणि झाकण लागत नाही. एकतर गोल कडांची बॅटरी शोधावी लागते, नाहीतर कानस घेऊन टबाच्या आतले कोपरे दीड-दोन मिलिमीटर घासावे लागतात. बॅटरी घासायची नाही, टब घासायचा.